चार रुपये, तीन मोहरा आणि मठाची घंटा



दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जो रस्ता जातो, त्याचं नाव कस्तुरबा गांधी मार्ग. आपलं नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, त्यामुळे दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाला हा पत्ता ठाऊक असतो. जुनी मंडळी अजूनही त्याला कर्झन रोड म्हणतात. या रस्त्यावर कॅनॉट प्लेसपासून थोडं पुढे आलात की एक चौक लागतो. तिथे त्याला आडवा छेदणारा रस्ता आहे टॉल्स्टॉय मार्ग. एका बाजूला कस्तुरबा, दुसऱ्या बाजूला टॉल्स्टॉय. लाल दिवा लागला की गाड्या थांबतात, हिरवा झाला की सुटतात. या दोन नावांची गाठ कुठे पडली होती, हे कुणी विचारत नाही.

ती गाठ पडली होती दक्षिण आफ्रिकेत, आणि तिचा एक धागा एका ख्रिस्ती मठातून आलेला आहे. तो मठ ज्या परंपरेतला, तिचा उगम इजिप्तच्या वाळवंटात, सतराशे वर्षांपूर्वी. आजच्या भागात आपण तो धागा धरून चालणार आहोत. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे ही मालिका ऐकली आणि वाचली जाते, तिथल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "ख्रिस्ती संन्यासी मठात दिवसभर करतात तरी काय?" त्याचंही उत्तर यात येईल.

वाळवंटातला पहिला माणूस

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीनशे वर्षांत मठ नव्हते. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती असणंच धोक्याचं होतं. श्रद्धेची कसोटी लागायची ती छळात आणि मरणात. इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात हा छळ थांबला, धर्माला मान्यता मिळाली आणि मग हळूहळू मानमरातबही मिळू लागला. ज्यांना सगळं पणाला लावायचं होतं त्यांच्यापुढे प्रश्न आला, आता काय पणाला लावायचं? काहींनी उत्तर शोधलं ते वाळवंटात.

खरं तर वाळवंटात पळणं इजिप्तमध्ये नवं नव्हतं. रोमन सारा डोईजड झाला की शेतकरी गाव सोडून परागंदा होत. या पळून जाण्याला ग्रीकमध्ये जो शब्द होता, तोच पुढे धर्मासाठी एकांतात जाण्याला वापरला जाऊ लागला. आधी सावकार आणि सरकार यांच्यापासून पळणारा, मग संसारापासून पळणारा. आपल्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या एकांतवाल्यांत सर्वांत प्रसिद्ध झाला अँथनी. जन्म इ.स. २५१ च्या सुमाराचा. बऱ्यापैकी जमीनजुमला असलेल्या घरातला. आईवडील गेले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा होता. प्रार्थनेच्या वेळी त्याच्या कानावर येशूचं ते वचन पडलं, की परिपूर्ण व्हायचं असेल तर असेल नसेल ते विकून गरिबांना दे. त्यानं ते अक्षरशः मानलं. जमीन देऊन टाकली, धाकट्या बहिणीला धर्माला वाहून घेतलेल्या कुमारिकांच्या हवाली केलं आणि स्वतः एकांतात गेला. शंभरी उलटेपर्यंत जगला. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि ते सगळ्या ख्रिस्ती जगात गाजलं.

त्या चरित्रात एक गोष्ट मात्र नाही. बहिणीला कुणी विचारलं का, ते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका शिपायाने उभारलेली छावणी

अँथनी एकटा राहिला. शेकडो माणसांना एकत्र राहायला शिकवलं ते पाकोमियसनं. आणि इथे माझ्यासारख्या फौजी माणसाचे कान टवकारतात, कारण पाकोमियस हा जबरदस्तीनं भरती केलेला रोमन शिपाई होता.

जन्म वरच्या इजिप्तमधला, घर ख्रिस्ती नव्हतं. विशीत असताना, इ.स. ३१२ च्या सुमारास, सम्राटांच्या आपापसातल्या लढाईसाठी पोरं पकडून नेली, त्यात हा सापडला. रंगरूट पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना नाईलकाठच्या एका शहरात कोंडून ठेवलं होतं. रात्री काही अनोळखी माणसं जेवण घेऊन आली. पाकोमियसनं चौकशी केली तेव्हा कळलं, ही ख्रिस्ती माणसं, ओळखदेख नसलेल्यांनाही ती मदत करतात. लढाई लवकर संपली, पाकोमियसला एकही लढाई न लढता सोडून दिलं. त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पालामोन नावाच्या एका वृद्ध तपस्व्याकडे काही वर्षं उमेदवारी केली, आणि मग नाईलच्या काठी ताबेन्निसी या ओसाड गावात पहिला सामुदायिक मठ उभारला.

त्याची व्यवस्था पाहिली की कुणीही म्हणेल, हा माणूस पलटणीत राहून आलाय. भोवती भिंत, एकच दरवाजा, दरवाज्यावर पहारेकरी. आत ओळीनं घरं. प्रत्येक घराला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख. घरं व्यवसायाप्रमाणे वाटलेली, विणकर एकीकडे, सुतार दुसरीकडे. कामाच्या पाळ्या आठवड्याच्या. जेवण एकत्र, एकाच भटारखान्यातलं, तेही गप्प बसून. प्रार्थनेला बोलावण्यासाठी चक्क तुतारी वाजायची, तिचा उल्लेख त्याच्या नियमावलीत आहे. आमच्याकडे जसा बिगुल वाजला की विचार न करता पाय चालू लागतात, तसंच.

एक नियम मला फार आवडतो. मठात येणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे. येत नसेल तर शिकवायचं, आणि त्याची इच्छा नसली तरी शिकवायचं. चौथ्या शतकात, इजिप्तच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला. आमच्या जुन्या पलटणींतही अंगठेबहाद्दर जवानाला अक्षरओळख करून दिली जायची. त्यामागचं कारण एकच, वाचता येत नसलेल्या माणसाला हुकूम तेवढा पाळता येतो, नियम समजून घेता येत नाही.

पाकोमियस गेला इ.स. ३४६ च्या सुमारास, साथीच्या रोगात. तोवर त्याच्या व्यवस्थेखाली पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ होते. स्त्रियांच्या पहिल्या मठाची कथा ऐकण्यासारखी आहे. त्याची बहीण मेरी त्याला भेटायला आली. तो भेटला नाही. द्वारपालाकडून निरोप पाठवला, मी जिवंत आहे हे तुला कळलं, आता तुला हे जीवन हवं असेल तर विचार कर, ठरलं तर तुझ्यासाठी जागा बांधून देऊ. ती रडली. मग तिनं विचार केला आणि हो म्हणाली. भाऊ म्हणून पाकोमियस कठोर वाटतो. पण त्यानं बहिणीला विचारलं.

आपल्याकडे कार्ले, भाजे, अजिंठ्याची लेणी पाहिलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. मधे मोठा मंडप, कडेनं भिक्षूंच्या खोल्या, पावसाळ्याचे नियम, दीक्षेच्या दिवसावरून ज्येष्ठता. भाजे तर ख्रिस्तपूर्व काळातलं. एकानं दुसऱ्याचं उचललं असं म्हणायचं कारण नाही. मोठ्या संख्येनं माणसं एका छताखाली, संसाराशिवाय आणि भांडणाशिवाय राहायची म्हटली की घंटा, वेळापत्रक आणि ज्येष्ठता या तीन गोष्टी कुणालाही शोधून काढाव्याच लागतात.

बेनेडिक्टची नियमावली

इजिप्तमधली ही पद्धत युरोपात पोचली. पाकोमियसची नियमावली संत जेरोमनं इ.स. ४०४ मध्ये लॅटिनमध्ये उतरवली. पण युरोपातल्या मठांवर शिक्का उमटला तो बेनेडिक्टच्या नियमावलीचा. बेनेडिक्ट इटलीतला, साधारण इ.स. ४८० ते ५४७. रोमन साम्राज्य पश्चिमेत कोसळलं होतं, टोळ्यांच्या लढाया चालू होत्या. त्या धामधुमीत त्यानं मॉन्टे कॅसिनोच्या टेकडीवर मठ उभारला आणि ७३ प्रकरणांची एक छोटी नियमावली लिहिली. स्टँडिंग ऑर्डर म्हणावी अशी. पोकळ उपदेश कमी, व्यवहार जास्त.

दिवस कसा जायचा? हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या प्रहरहोऱ्याला, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण दोनच्या सुमारास उठायचं. पहिली प्रार्थना अंधारात. मग पहाटे, सूर्योदयाला, सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, सायंकाळी आणि झोपण्यापूर्वी, अशा दिवसाच्या आणखी सात. बायबलमधली १५० स्तोत्रं आठवड्यात पुरी झालीच पाहिजेत. प्रार्थनांच्या मधे हातानं काम आणि वाचन, दोन्हींचे तास ठरलेले. रिकामपण आत्म्याचा वैरी, असं बेनेडिक्टचं मत होतं. आपल्याकडे रिकाम्या मनाविषयी आजी जे सांगायची, तेच.

जेवणात शिजवलेले दोन पदार्थ, म्हणजे एक न मानवणाऱ्याला दुसरा खाता येईल. दिवसाला एक पौंड पाव. थोडी वाइनसुद्धा, कारण त्याच्या काळच्या संन्याशांना ती सोडायला पटवणं जमत नाही, असं तो मोकळेपणानं कबूल करतो. चार पायांच्या जनावराचं मांस आजाऱ्याखेरीज कुणाला नाही. झोपायचं अंगातल्या कपड्यांनिशी, कमरेला पट्टा बांधून, म्हणजे घंटा होताच उठता येईल. पण पट्ट्यातली सुरी काढून ठेवायची, झोपेत लागू नये म्हणून. सीमेवर रात्र काढलेल्या जवानाला हे वाचून हसू येईल.

आता तीन नियम नीट पाहा.

पहिला ज्येष्ठतेचा. मठात वय, घराणं, श्रीमंती यांना किंमत नाही. गुलाम म्हणून जन्मलेला आणि स्वतंत्र जन्मलेला यांत फरक करायचा नाही. जो दिवसाच्या दुसऱ्या तासाला आला तो पहिल्या तासाला आलेल्यापेक्षा कनिष्ठ, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. फौजेत कमिशनच्या तारखेवरून सिनिऑरिटी ठरते, तीच रीत. आणि महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवायचं, सर्वांत धाकट्यालाही विचारायचं. आमच्या कोर्ट मार्शलमध्ये सर्वांत कनिष्ठ सदस्यानं आधी मत द्यायचं असतं, म्हणजे वरिष्ठांचं तोंड पाहून बोलायला नको. बेनेडिक्टला हे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी सुचलं होतं.

दुसरा नियम सेवेचा. स्वयंपाकघरातली पाळी सगळ्यांना. आठवडा संपला की पाळीवाल्यानं टॉवेल धुवायचे, सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी स्वच्छ करून पुढच्याच्या ताब्यात द्यायची.

तिसरा नियम मालकीचा. कुणाचंही स्वतःचं काही नाही. पुस्तक नाही, पाटी नाही, लेखणीसुद्धा नाही. मठाधिपतीनं वेळोवेळी बिछाने तपासायचे, कुणी काही लपवलं नाही ना हे बघायला. पलटणीतलं किट इन्स्पेक्शन डोळ्यांसमोर येतं.

हा तिसरा नियम किती कडक होता, त्याची एक कथा पोप ग्रेगरी यांनी लिहून ठेवली आहे. रोममध्ये त्यांनी स्वतःच्या वाड्यात मठ काढला होता. तिथे जस्टस नावाचा एक संन्यासी होता, वैद्यकी जाणणारा, खुद्द ग्रेगरींची शुश्रूषा केलेला. तो मरणपंथाला लागला तेव्हा त्याच्या औषधांत तीन सोन्याच्या मोहरा सापडल्या. ग्रेगरींनी हुकूम दिला, कुणी त्याच्याजवळ जायचं नाही. तो एकटा मेला. प्रेत उकिरड्यात खड्डा खणून पुरलं आणि त्या तीन मोहरा वर टाकल्या. नंतर ग्रेगरींनाच राहवलं नाही. तीस दिवस त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं त्यांनी सांगितलं. तीन मोहरा. हेही ध्यानात ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी एक दार आहे. बेनेडिक्ट सांगतो, कुणी मठात यायला आला तर लगेच घेऊ नका. चार-पाच दिवस दाराशीच उभा राहू दे. मग वर्षभर उमेदवारी. त्या वर्षात सगळी नियमावली त्याला तीन वेळा वाचून दाखवा, आणि प्रत्येक वेळी सांगा, हा नियम आहे, पाळता येत असेल तर आत ये, नसेल तर तू मोकळा आहेस. वर्षाअखेर त्यानं स्वतःच्या तोंडानं व्रत घ्यायचं. माझ्या मते या नियमावलीतला हा सर्वांत शहाणा भाग. बाकीचा कडकपणा माणसाला सहन होतो तो या दारामुळे.

नाताळमधले ट्रॅपिस्ट आणि एक तरुण बॅरिस्टर

काळाच्या ओघात मठ श्रीमंत झाले, सैल झाले, पुन्हा सुधारले. १०९८ मध्ये फ्रान्समध्ये सिस्टर्शियन पंथ निघाला, बेनेडिक्टचा नियम जसाच्या तसा पाळण्यासाठी. तोही सैलावला तेव्हा सतराव्या शतकात ला ट्रॅप या मठातून आणखी कडक सुधारणा झाली. तेच ट्रॅपिस्ट. मौन, शेतकाम, साधं अन्न.

१८८२ मध्ये फ्रान्झ प्फानर या ऑस्ट्रियन ट्रॅपिस्टनं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये, पाइनटाउनजवळ मारियनहिलचा मठ काढला. तिथून थोड्याच अंतरावरच्या डर्बनमध्ये १८९५ साली पंचविशीतला एक गुजराती बॅरिस्टर राहत होता. मोहनदास करमचंद गांधी. लंडनमध्ये शिकताना तो तिथल्या शाकाहारी मंडळींत रमला होता. मारियनहिलचे संन्यासी मांस-मासळी खात नाहीत, हे कळल्यावर तो तिथे गेला, आणि त्यानं लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' साप्ताहिकासाठी त्यावर लेख लिहिला.

त्या लेखातला दिनक्रम पाहा. पहाटे दोनला उठणं, चार तास प्रार्थना आणि चिंतन, सहाला न्याहारी, बाराला साधं जेवण, सहाला संध्याकाळचं, आणि सात-आठला झोप. बेनेडिक्टचं घड्याळ साडेतेराशे वर्षांनी आफ्रिकेत तसंच चालू होतं. लोहारकाम, सुतारकाम, चांभारकाम, छपाई, सगळं मठातच. कुणाकडे खासगी पैसा नाही. पण गांधींच्या मनावर ठसली ती वेगळीच गोष्ट. तिथे रंगभेद नव्हता. झुलू माणसाला आणि गोऱ्याला सारखी वागणूक होती. दोनच वर्षांपूर्वी रेल्वेच्या डब्यातून ज्याला बाहेर काढलं होतं, त्या माणसानं त्याच देशात हे पाहिलं.

१९०४ च्या अखेरीस डर्बनजवळ फिनिक्स वसाहत सुरू झाली. तिच्यामागे रस्किनच्या पुस्तकाची प्रेरणा होती, हे गांधीजींनी स्वतःच सांगितलं आहे. पण काम, अन्न आणि पैसा समाईक असलेली वसाहत प्रत्यक्ष कशी चालते, हे त्यांनी पाहिलं होतं ते मारियनहिललाच. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू झालं. ११०० एकर जमीन हर्मन कॅलनबॅक या जर्मन ज्यू वास्तुविशारद मित्रानं दिली. तिथे चपला बनवायचं ठरलं तेव्हा कॅलनबॅक शिकायला गेला तो ट्रॅपिस्टांच्या मठात. त्यानं गांधीजींना शिकवलं, गांधीजींनी इतरांना. पुढे तुरुंगात असताना गांधीजींनी जनरल स्मट्ससाठी चपलांचा एक जोड केला. स्मट्सनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानं परत केला. त्या चपलांची कारागिरी अशी मठातून आलेली.

ज्या टॉल्स्टॉयचं नाव फार्मला दिलं, तोही जुना तोफखान्याचा अधिकारी, सेव्हास्तोपोलला लढलेला. त्याच १९१० साली, ८२ व्या वर्षी, तो एका रात्री पत्नीला न सांगता घरातून निघाला. कुठे गेला? आधी ऑप्टिना या मठात, मग त्याची बहीण जिथे जोगीण होती त्या शामोर्दिनोच्या मठात. आणि काही दिवसांनी अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनवर मेला. चर्चनं बहिष्कृत केलेल्या या माणसाचे पाय शेवटी मठाकडेच वळले.

दाराशी न थांबवलेली उमेदवार

आता कस्तुरबांकडे येऊ. मठातल्या माणसाला वर्षभर उमेदवारी असते. कस्तुरबांना ती मिळाली नाही. त्यांनी लग्न केलं होतं ते एका गृहस्थाशी. वाटेत तो संन्यासी झाला आणि घराचा मठ झाला.

डर्बनच्या घरातला १८९८ चा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत लिहिला आहे. घरात राहणारे कारकून, त्यातला एक अस्पृश्य आईबापांचा ख्रिस्ती मुलगा. त्याचं लघवीचं भांडं साफ करायची पाळी आली. बेनेडिक्टच्या नियमानं पाहिलं तर पाळी सगळ्यांना, बरोबरच आहे. कस्तुरबांनी ते केलं, पण रडत. नवऱ्याला ते हसतमुखानं केलेलं हवं होतं. भांडण झालं आणि त्यानं त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात त्या जाणार कुठे? गांधीजींनी ही लाज लपवली नाही. पण पाहा, बेनेडिक्टच्या मठात दार हे आत येणाऱ्याला विचार करायला लावण्यासाठी होतं. इथे ते बाहेर घालवण्यासाठी वापरलं गेलं.

१९०६ मध्ये गांधीजींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. पत्नीला सांगितलं ते व्रत घेतानाच. त्यांची हरकत नव्हती, असं ते लिहितात. अँथनीच्या बहिणीबद्दल चरित्रकारानं एवढंही लिहिलं नव्हतं.

माझ्या नोकरीत मी हे रोज पाहिलं आहे. शपथ जवान घेतो. बदलीचा हुकूम निघतो तेव्हा काळ्या लोखंडी ट्रंका बांधते ती त्याची बायको, आणि तिची सही कुठल्याच कागदावर नसते. म्हणून मठांच्या इतिहासात मला सगळ्यांत जास्त विचारावासा वाटतो तो हा प्रश्न. नियम कुणी केला, त्यापेक्षा तो कुणाला विचारून लागू केला?

पण कस्तुरबांची गोष्ट इथे संपत नाही. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयानं असा निवाडा दिला की ख्रिस्ती पद्धतीनं न झालेली लग्नं तिथे कायदेशीर धरता येणार नाहीत. हजारो हिंदी स्त्रिया एका फटक्यात बिनलग्नाच्या ठरल्या. सत्याग्रहात स्त्रियांनी उतरायचं ठरलं. गांधीजी इतर स्त्रियांशी बोलले, पत्नीशी नाही, तिच्यावर दडपण येऊ नये म्हणून. कस्तुरबांच्या कानावर ते बोलणं गेलं. त्यांनी जाब विचारला, माझ्यात असं काय कमी आहे की मी तुरुंगात जाऊ शकत नाही? सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सहून निघालेल्या पहिल्या सोळा जणांच्या तुकडीत त्या होत्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. माझ्या हिशेबानं कस्तुरबांच्या व्रताची तारीख ही. १९०६ नव्हे, १९१३. त्या दिवशी त्या स्वतःच्या तोंडानं हो म्हणाल्या.

चार रुपये

भारतात १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम निघाला, १९१७ मध्ये साबरमतीच्या काठी गेला. पहाटे चारची घंटा, प्रार्थना, सूतकताई, समाईक स्वयंपाकघर, अपरिग्रहाचं व्रत. कोचरबला दुदाभाई, दानीबेन आणि त्यांची मुलगी लक्ष्मी या अस्पृश्य कुटुंबाला घेतलं तेव्हा देणगीदारांनी हात आखडले, आणि आश्रमातल्या स्त्रियांना, कस्तुरबांनाही, ते सुरुवातीला पचलं नाही. पुढे कस्तुरबांनी ते पचवलं, आणि लक्ष्मी आश्रमाचीच मुलगी होऊन वाढली.

१९२९ मध्ये गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये एक लेख लिहिला. त्यात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की कस्तुरबांनी, कुणी परक्यांनी भेट दिलेले चार रुपये आश्रमाच्या कचेरीत जमा न करता स्वतःजवळ ठेवले. आश्रमाचा नियम मोडला. त्यांना पश्चात्ताप झाला आहे.

जस्टसच्या तीन मोहरा, बांचे चार रुपये. नियम तोच, अपराध तोच. शिक्षाही एका अर्थी तीच, चारचौघांत उघडं पाडणं. गांधीजींची बाजू समजते. घरच्या माणसाला सूट दिली की छावणीतली शिस्त संपते, हे प्रत्येक कमांडिंग ऑफिसरला ठाऊक असतं. पण चार मुलांच्या आईनं, जिच्या नावावर जगात काहीच नव्हतं, चार रुपये बाजूला ठेवले तर त्याला चोरी म्हणायचं की आईपण? ग्रेगरींना निदान नंतर वाटलं की आपण फार पुढे गेलो. या प्रश्नाला माझ्याजवळ सरळ उत्तर नाही. इतकंच दिसतं की त्या लेखानंतरही कस्तुरबा आश्रमात राहिल्या आणि आश्रमातली माणसं त्यांनाच 'बा' म्हणत राहिली.

पुण्याची दोन टोकं

मठातून आश्रमाकडे गेलेला हा धागा उलटा फिरूनही आला. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन पाद्र्यानं अहमदनगर भागात ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापन केला. इंग्रज आणि हिंदी सभासद एकत्र, खादी, जमिनीवर बसून देशी जेवण, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा. पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. १९२७ मध्ये तिथे आला ऑक्सफर्डचा व्हेरियर एल्विन. तो साबरमतीला गेला आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आला. १९३२ मध्ये संघातल्याच शामराव हिवाळे या मराठी साथीदाराबरोबर तो मध्य प्रांतातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. पुण्याचा आश्रम १९७०च्या दशकात ख्रिस्ती भगिनींनी पुन्हा नांदता केला. बेनेडिक्टची घंटा आणि गांधीजींचं सूत एका छताखाली, तेही आपल्या पुण्यात.

गोव्याचं उदाहरण याच्या उलट. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये जोगिणींसाठी सांता मोनिकाचा प्रचंड मठ सुरू झाला. १८३४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, पुढच्या वर्षी ते गोव्यात लागू झालं. पुरुषांना बाहेर काढलं. जोगिणींना राहू दिलं, पण नवी उमेदवार घ्यायची नाही या अटीवर. त्यामुळे मठ रिकामा होत होत पन्नास वर्षं चालला. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. दार बाहेरून बंद झालं की मठ असा एकेका श्वासानं संपतो.

शेवटी १९४४ चा फेब्रुवारी. १५ तारखेला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मॉन्टे कॅसिनोवर, बेनेडिक्टच्या मूळ टेकडीवर बॉम्ब टाकून तिथला मठ जमीनदोस्त केला. खाली मोर्चा धरून होती आपली चौथी इंडियन डिव्हिजन, राजपुताना रायफल्स, गुरखा रायफल्स. मठात त्या वेळी जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेली माणसं होती. जर्मन तुकड्या शिरल्या त्या नंतर, ढिगाऱ्यात, आणि मे महिन्यापर्यंत तिथून हलल्या नाहीत. पुढे जुलैत त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बॉम्बहल्ल्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना कस्तुरबा गेल्या. अंगावर होती गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी. समाधी तिथेच आहे.

मॉन्टे कॅसिनोचा मठ नंतर जसा होता तसा पुन्हा बांधला गेला, आणि १९६४ मध्ये पोपनी त्याचं पुनःसमर्पण केलं. इमारती परत बांधता येतात. नियमावली तर ७३ प्रकरणांची, खिशात मावते. कठीण असतं ते नियमाला आतून हो म्हणणारं माणूस मिळणं. बेनेडिक्टनं त्यासाठी दाराशी एक वर्ष ठेवलं होतं. कस्तुरबांनी ते वर्ष कुणी न देता स्वतःच काढलं, स्वयंपाकघरात, फाटकापाशी आणि तुरुंगात. रस्त्याला नाव देताना दिल्लीनं एवढा हिशेब केला होता की नाही, माहीत नाही. आपण करायला हरकत नाही.

जय हिंद.